वजा एक मीटर

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, 'तुमच्या खात्यातले गमतीदार अनुभव पाठवा, वाचकांना हसवा.' बांधकाम खात्यात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाकडे गमतींना तोटा नसतो. पण लिहायला बसलं की माझा हात एकाच प्रसंगाकडे जातो, आणि तो काही गमतीचा नाही. तो आठवला की अजून माझ्या तळहातांना घाम येतो. माझी बायको सुमन लांबूनच ओळखते आणि म्हणते, "झालं, लागलं पुन्हा तुमचं."

तो सांगण्याआधी आमची वही समजून घ्यावी लागेल. सरकारी रस्ता किंवा पूल बांधला की ठेकेदाराला पैसे मिळतात ते झालेल्या कामाच्या मापावर. किती लांब, किती रुंद, किती खोल. हे माप ज्या वहीत लिहायचं ती मोजमाप पुस्तिका, आमच्या तोंडी एमबी. ही पद्धत इंग्रजांची. वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला त्यांना रस्ते हवे होते, पूल हवे होते, आणि विलायतेत बसलेल्या सरकारला एक घोर लागलेला होता. आपला पैसा पुलात जातो आहे की कोणाच्या घरात, हे इतक्या लांबून कळायचं कसं? गोरा साहेब प्रत्येक खड्ड्यापाशी उभा राहू शकत नव्हता, आणि जो देशी ओव्हरसियर उभा राहत होता त्याच्यावर साहेबाचा विश्वास नव्हता. त्या अविश्वासातून ही वही निघाली. पानांवर छापील आकडे, पान फाडायचं नाही. शाईनेच लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही, आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. माप जागेवर उभं राहूनच घ्यायचं. वरच्या अधिकाऱ्याने त्यातलं काही स्वतः पुन्हा मोजायचं आणि लाल शाईने तसं लिहायचं. जे काम मातीखाली झाकलं जाणार ते झाकायच्या आधी तपासायचं, कारण एकदा माती पडली की त्याला साक्षीदार फक्त ती वही.

इंग्रज गेले तरी वही तशीच राहिली, आणि तिची भीतीही. आमच्या एका सहकाऱ्याची एमबी बडनेरा स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर राहिली. दोन दिवस तो माणूस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी टपरीवाल्याने वही परत दिली, पण त्याने तिच्यावर गरम किटली ठेवली होती आणि पुठ्ठ्यावर गोल डाग पडला होता. त्या डागाचाही लेखी खुलासा द्यावा लागला. पुढे कितीतरी दिवस आम्ही त्याला 'किटलीवाले' म्हणत होतो.

माझे वडील अमरावतीत भिक्षुकी करायचे. पोथीला पाय लागला तर नमस्कार करून सुटका होते, हे मी लहानपणीच शिकलो होतो. एमबीच्या बाबतीत तशी सोय नव्हती. नोकरीला लागलो तेव्हा वही घरी आणली की कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधायचो. आई हसायची. मी मूळचा भित्रा, आणि नशिबाने खातंही भित्र्यांचंच मिळालं.

आता फीत. माझी पहिली नेमणूक तिवश्याच्या बाजूला झाली. तिथल्या आमच्या कार्यालयात मोजायला एकच कापडी फीत होती, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. तिचा पहिला मीटर झिजून फाटून गेला होता. नवी फीत हवी तर जुनी आधी निकामी ठरवावी लागे. निकामी ठरवायला साहेबाने ती स्वतः पाहून दाखला द्यावा लागे. दाखल्यासोबत ती कोणाच्या हलगर्जीपणाने झिजली याचा खुलासा लागे. ही शिस्तही इंग्रजांचीच. सरकारी मालातली सुतळी गेली तरी कागद हवा. आमचा अर्ज तीनदा परत आला होता. मग आम्ही एक युक्ती करत असू, आणि ती करणारं आमचं काही एकटं कार्यालय नव्हतं. खड्ड्यातल्या माणसाने फितीचं फाटकं टोक सोडून एक मीटरची खूण जमिनीला टेकवायची. वरच्याने येईल त्या आकड्यातून एक वजा करायचा. खालचा ओरडायचा, 'एकावर धरला!' वरचा म्हणायचा, 'हो, एक वजा.' दिवसातून कितीदा तरी हे चालायचं.

हा खालचा माणूस म्हणजे आमचे खलाशी, रशीदभाई. मोजणीच्या वेळी फीत आणि काठी धरणाऱ्या सरकारी नोकराला आमच्याकडे खलाशी म्हणतात. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मूळचे अकोल्याचे, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, अंगाने सडपातळ आणि बोलायला कमी. कुठल्याही खड्ड्यात उतरायच्या आधी चपला काढून काठावर जोडीने ठेवायचे. मशिदीत जाताना ठेवतात तशा.

त्या भागात एका नाल्यावर लहानसा पूल बांधणं चालू होतं. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर तिथले लोक घरी येतील. आपल्याकडे वरचा थर काळ्या मातीचा. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यावर पूल उभा करणं म्हणजे बसलेल्या म्हशीच्या पाठीवर बिऱ्हाड मांडणं. ती कधी उठेल याचा नेम नाही. म्हणून पाया काळी माती ओलांडून खाली टणक, खडबडीत मुरमापर्यंत न्यायचा. पलीकडच्या काठाला मुरूम तीन मीटरवर होता आणि नकाशातही तेवढीच खोली होती.

खड्डा होत आला, किती झाला ते मोजा, असं ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडला असता तर कडा ढासळून सगळं काम वाया गेलं असतं. काँक्रीट कालवणारं यंत्र घरघरत होतं. आमच्या उपअभियंता साहेबांची जीप आली, पण साहेब खाली उतरले नाहीत. इंजिन चालूच ठेवून त्यांनी हाक मारली, "आटपा लवकर, मला अमरावतीला मीटिंग आहे." त्यांना मी फार भ्यायचो. रशीदभाई चपला काढून खड्ड्यात उतरले. तळाला घोट्याएवढा राडा होता. फितीचं टोक हातात ठेवून त्यांनी डबी वर दिली ती मी घेतली. ते खालून काहीतरी ओरडले, मी 'हो' म्हणालो, फितीवर तीन मीटर पाच सेंटिमीटर वाचलं आणि वहीत लिहिलं. नकाशाशी जुळलं म्हणून हायसं वाटलं.  साहेबांनी जीपमध्ये बसूनच वही मांडीवर ठेवून लाल शाईने 'तपासले' असं लिहिलं. ते खड्ड्यापाशी आले नाहीत आणि मी त्यांना या म्हणालो नाही. तासाभरात काँक्रीट पडलं.

एक वजा केला की नाही, हा प्रश्न त्या दिवशी मला पडलाच नाही.

तो पडला चार वर्षांनी, आमच्या घरच्या अंगणात. तोवर बदली होऊन मी अमरावतीला आलो होतो, लग्न झालं होतं. नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं म्हणून जमिनीत टाकी करायची ठरली. सकाळची वेळ होती. दोन मीटरचा खड्डा झाला तसा आत उभा असलेला मजूर म्हणाला, "हे पकडा बाबूजी, टाकीत कामाची नाही," आणि त्याने मातीत सापडलेली एक जुनी तांब्याची पळी वर केली. मी वाकून त्याच्या हातातून ती घेतली. घेतली आणि तसाच वाकून राहिलो.

पुरुषभर उंचीच्या माणसाने हात वर केला, वरचा वाकला, तर दोन मीटर खोल खड्ड्यातून वस्तू हातोहात घेता येते. तीन मीटर खोल खड्ड्यातून येत नाही. फेकावी लागते किंवा दोरीने ओढावी लागते. आणि रशीदभाईंनी फितीची डबी माझ्या हातात दिली होती. त्यांची ओली, चिखलाळलेली बोटं माझ्या बोटांना लागली होती आणि मी नंतर हात पँटला पुसला होता, हे मला लख्ख आठवत होतं.

सुमन म्हणाली, "काय करून राहिले तुम्ही? उठा ना, चहा गार होऊन राहिला." मी उठलो. खोलीत जाऊन दार लावून बसलो आणि कागदावर पुन्हा पुन्हा तेच गणित केलं. तीन पाच वजा एक, दोन पाच. पुलाचा एक काठ मुरमावर नव्हता. तो काळ्या मातीत उभा होता, आणि वहीत तो मुरमावर होता. वहीत माझी सही होती, वर साहेबांची लाल शाई होती, आणि पुलावरून दिवसातून सहा वेळा एसटी जात होती.

मी तेव्हाच का सांगितलं नाही, असं वाचक विचारतील. भीतीपोटी, दुसरं काही नाही. सांगितलं असतं तर चौकशी, निलंबन, साहेबांचीही नोकरी धोक्यात. आणि ते तोवर फार वर चढले होते. मुलगी नुकतीच झाली होती. शिवाय भित्र्या माणसाची एक खोड असते, तो स्वतःलाच फसवायला वकील लावतो. माझा वकील म्हणायचा, डबी त्यांनी फेकली असेल आणि तू झेलली असशील. म्हणायचा, चार पावसाळे पूल उभा आहे की नाही? उभा होता. ठेकेदाराने चोरी केली असती तर मला बरं वाटलं असतं, दोष द्यायला माणूस मिळाला असता. पण त्याने माझ्या आकड्यावर विसंबून खणणं थांबवलं होतं.

मग सुरू झाले माझे पावसाळे. आभाळ तिकडे, तिवश्याच्या दिशेला, काळं दिसलं की मला अन्न जात नसे. दरवर्षी काही ना काही निमित्त काढून मी तो पूल पाहून यायचो. भिंतीवर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. तडा गेला तर त्या एकमेकींपासून सरकतील. खुणा सरकत नव्हत्या, आणि तरी मला धीर येत नव्हता, कारण काळी माती आधी सांगून सरकत नाही. तिथून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर भेटला की मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "नाल्याला पाणी कितपत आहे?" एकदा एक जण म्हणाला, "साहेब, तुमची तिकडं सासुरवाडी आहे काय?" गाडीतले सगळे हसले. मीही हसलो. त्याच गाडीत शाळेच्या मुली दप्तरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

रशीदभाईंना मी कधी विचारलं नाही. ते निवृत्त होऊन अकोल्याला गेले, पुढे माझीही बदली अकोल्याला झाली, तरी त्यांच्या दारी गेलो नाही. त्यांनी 'आठवत नाही' म्हटलं असतं तर माझी सुटका नव्हती, आणि 'आठवते' म्हटलं असतं तर मुळीच नव्हती.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात एक जुना पूल पुरात खचला आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्हाला हुकूम आला की सगळे इंग्रजकालीन पूल तपासून कळवा. आमच्या कार्यकारी अभियंता मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या, कोल्हापूरकडच्या. त्या म्हणाल्या, "सर, तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरच्या दगडी पुलाचा पाया किती खोल आहे, याचा कागद मिळेल का बघता?" मी रेकॉर्ड खोलीत गेलो. चार दिवस धूळ खाल्ली, तेव्हा त्या पुलाची एमबी मिळाली. चामड्याची पाठ, कसरीने खाल्लेल्या कडा, आणि आत अगदी आमच्यासारखेच रकाने. लांबी, रुंदी, खोली. माप इंग्रजीत, सही मात्र ओव्हरसियरची मोडीत.

तिसऱ्या खड्ड्याच्या पानावर मी थांबलो. खोली नऊ फूट लिहिली होती. त्यावर आडवी रेघ, शेजारी सात फूट, आणि तीच मोडी सही. खाली त्याच हाताने इंग्रजीत चार ओळी होत्या. मतलब असा, की पाया झाकल्यावर आपल्या ध्यानात आलं की मोजताना दोरीच्या गाठी दोनने जास्त धरल्या गेल्या; वर दगडाचे पाच थर चढले आहेत; ते उतरवून खड्डा पुन्हा उघडण्याचा हुकूम व्हावा. त्याच्याखाली साहेबाची लाल शाई. दगड उतरवावेत, खड्डा नऊ फूट न्यावा, आणि होणारा खर्च ओव्हरसियरच्या पगारातून दरमहा कापावा. दयेचा एक शब्द नव्हता. पण मी पुढची पानं उलटत गेलो, तर शेवटच्या पानापर्यंत मोडी सही त्याचीच होती. म्हणजे त्याला काढलं नव्हतं.

मी त्या पानासमोर बराच वेळ बसलो. आपल्यावर ज्याचा विश्वास नाही अशा परक्या सरकारपुढे त्या माणसाने ते लिहून दिलं होतं. त्यालाही बायकापोरं असतील, त्यालाही भीती वाटली असेल. माझ्यापुढे तर आपलंच सरकार होतं आणि कोल्हापूरची एक शांत मुलगी होती. मला रडू आलं. शिपाई डोकावून म्हणाला, "धुळीनं डोये चुरचुरले काय साहेब?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या शहरात रशीदभाईंचं घर शोधत गेलो. ते मुलाच्या वेल्डिंगच्या दुकानाबाहेर खाटेवर बसले होते. दाढी पांढरीफेक झाली होती, गुडघ्यांना पट्टे होते. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि खाटेवर जागा केली. मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "रशीदभाई, तिवश्याकडचा तो नाल्यावरचा पूल आठवतो का?"

"हाव," ते म्हणाले. "थो बिनमुरमाचा."

 इतकी वर्षं ज्या गोष्टीला मी मनातही नाव दिलं नव्हतं, तिचं त्यांनी नाव ठेवून टाकलं होतं.

"तुम्हाले माहीत होतं?"

"मी खाली उभा होतो ना साहेब, उघड्या पायानं. मुरूम पायाले टोचते. थितं टोचत नोतं, चिकट लागून राहिलं होतं. आन मी वरडलो बी होतो, एकावर धरला मनून. तुमी नुसतं हो म्हनलं. एक वजा म्हनलं नाई."

"मग सांगितलं काहून नाही?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कोनाले सांगू? तुमी विचारलं नाई, जीपवाल्या साहेबानं विचारलं नाई. मले वाटलं नकशातच दोन मीटर असन. सायेब लोकायचं काम, आपन काय बोलाचं." मग म्हणाले, "लहानी पोरगी तिकडंच देली. मी तिच्या घरी जाचं मनलं त थ्या पुलावरून कदी गेलो नाई. फेऱ्यानं जावो, दोन गाड्या बदलून. पन ती त रोज येते-जाते. तिले काय सांगू? रोजचा रस्ता थोच एक हाय."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच पुलाला भीत होतो, अकोल्यात तर एकाच गावात राहून, आणि दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं. वहीत खोलीचा रकाना होता, माझ्या सहीचा होता, साहेबांच्या सहीचा होता. खड्ड्यात जो उभा होता त्याला काही विचारावं, असा रकाना इंग्रजांनी ठेवला नव्हता आणि आम्हालाही तो घालावासा वाटला नाही.

मी घरी जाऊन अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"सर, तुमची निवृत्ती सात महिन्यांवर आली आहे."

"हो मॅडम."

"हे माझ्याकडे आलं म्हणजे मला पुढे पाठवावंच लागेल. मला ते फाडता येणार नाही."

"म्हणूनच लिहून आणलं. तोंडी सांगितलं असतं तर मीच उद्या नाही म्हणालो असतो. आणि पावसाळ्याला दोनच महिने राहिलेत."

त्यांनी फोन उचलला. पूल अमरावतीच्या अखत्यारीत होता, तिथल्या कार्यालयाशी त्या अर्धा तास बोलत होत्या. मी समोर बसून त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचा कॅलेंडरचा कागद पाहत होतो. संध्याकाळपर्यंत जड वाहनं बंद झाली आणि चार दिवसांनी पायालगत खड्डा घेऊन पाहायचं ठरलं.

वैशाखाचं ऊन होतं. अमरावतीचे अधिकारी जुनी एमबी घेऊन आले होते, आणि मॅडमही आल्या होत्या. रशीदभाई मुलीकडून ऐकून, मला न कळवता अकोल्याहून आले होते, आणि फेऱ्यानेच आले होते. पुलाच्या दोन्ही टोकांना काटेरी फांद्या टाकून रस्ता अडवला होता. गावातले लोक जमले. एक म्हातारा मला म्हणाला, "उभा पूल काहून खंदून राहिले बाप्पा? त्यानं तुमचं काय बिघडवलं?" मी लिंबाच्या सावलीत जाऊन बसलो. मजूर पायाच्या भिंतीलगत खाली खाली जात होते आणि त्यांच्या टोपल्यांतून वर काळी माती येत होती. मुरमाचा पिवळसर खडा दिसतो का म्हणून मी प्रत्येक टोपलीकडे पाहत होतो. माझा तो जुना वकील अजून मेला नव्हता. तो म्हणत होता, अजून खणतायत, म्हणजे पाया अजून खाली आहे.

मग मजूर म्हणाला, "काँक्रीट संपलं साहेब. खाली माती लागली."

मॅडमनी दुसऱ्या कोणाला उतरायला सांगितलं, पण मी म्हणालो, मी जातो. चपला काढून काठावर ठेवल्या. शिडीवरून उतरताना डोळे मिटून घेतले होते. तळाला पाय टेकले. मी अंगठा रुतवून पाहिला. टोचत नव्हतं. आत ओल होती, चिकट. माझ्या नडगीशी काँक्रीटची खालची कड होती आणि तिच्या खाली हात घातला तर काळ्या मातीचा गोळा हातात आला.

वर पाहिलं तर रशीदभाई दुखऱ्या गुडघ्यांवर बसून काठावरून वाकले होते. त्यांनी हात खाली केला. "द्या फीत इकडं," ते म्हणाले. मी हात वर केला आणि नव्या पोलादी फितीची डबी त्यांच्या हातात दिली. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. मोजायची गरज तिथेच संपली होती. पण वहीला माप लागतं, म्हणून फितीचं टोक मी खाली ओढून काँक्रीटच्या खालच्या कडेला लावलं.

"शून्यावर धरला," मी ओरडलो.  "वाचा, रशीदभाई."

त्यांनी फितीवर काठाशी बोट ठेवलं. मग म्हणाले, "दोन पाच, साहेब."

"वजा काही नाही?"

"वजा काई नाई."

मॅडमनी ते वहीत लिहिलं. माझ्या जुन्या आकड्यावर आडवी रेघ मी मारली आणि शेजारी सही केली. सही माझ्या सहीसारखी आली नाही.

पावसाळ्याच्या आत त्या काठाला आधार देऊन पाया मुरमापर्यंत नेला. माझी चौकशी झाली, पेन्शनमधून ठरावीक वर्षं कपात लागली. ती अजून चालू आहे. लाल शाईवाले साहेब तोवर वारले होते. किटलीवाल्याने भेटून विचारलं, "गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?" 

दिवाळीच्या आधी रशीदभाई मुलीकडे निघाले तेव्हा मला म्हणाले, "या वेळी सीदे रस्त्यानं जाऊ. पन तुमी संगं पाह्यजे." मी गेलो. गाडीत आम्ही शेजारी बसलो. पुलावर गाडी आली तशी आमच्या मागे बसलेल्या शाळकरी मुली कशावरून तरी खिदळत होत्या.  पूल सरून रस्ता लागला तेव्हा मी पाहिलं, आम्ही दोघांनी समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.